मरळ मासा धरायला पहिला रॉड घेतोयस तर

भावा, अमेरिकेतले बास माशाचे व्हिडिओ बघून बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारी, दोरा गुंडाळायची रील) घ्यायला निघालायस, जरा थांब. आपल्याकडं बास नाही, मरळ आहे. सुरुवातीला स्पिनिंग रीलच (रॉडच्या खाली लटकते ती) घे, ३००० साइजची, आणि ७ फुटी मिडियम-हेवी रॉड. पंचगंगेच्या जलपर्णीतनं मरळ ओढून काढायची तर लवचिक रॉड कामाचा नाही.

रीलच्या स्पूलवर (दोरा गुंडाळतात त्या चाकावर) आधी मोनोचे (साध्या एकपदरी नायलॉन दोऱ्याचे) दहा-बारा वेढे दे, मगच ३० पौंडी, म्हणजे साधारण साडेतेरा किलो ताण सोसणारा, ब्रेडेड (विणलेला) दोरा भर. मी थेट ब्रेडेड बांधला होता. मासा लागला आणि सगळा दोरा स्पूलवर गरगर घसरला. ती मरळ अजून सलते मला.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा किती ताणावर सुटायचा ते ठरवणारा रीलचा ब्रेक, अंदाजानं लावू नकोस. दोरा ताणकाट्याला बांधून ओढ. साडेतीन किलोच्या आसपास सुटला पाहिजे, म्हणजे दोऱ्याच्या ताकदीच्या पाव.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रील नळाच्या बारीक धारेखाली धू. वाळली की ड्रॅग सैल कर, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात. लाइन रोलरला (रीलवर दोरा ज्यावरनं वळतो त्या छोट्या चाकाला) तेलाचा एकच थेंब. आणि कापसाचा बोळा रॉडवरच्या प्रत्येक गाईडमधनं (दोरा जातो त्या रिंगमधनं) फिरव. तंतू अडकला की समज, रिंगला चीर गेलीय. तीच दोरा कापते.