मार्चच्या अमावास्येला कच्छच्या रणात मेसिए मॅरेथॉन करायची आहे. जागा कशी ठरवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यातले पंधरा-वीस हौशी आकाशनिरीक्षक आहात. वेल्ह्याकडचं आकाशही आता उजळलंय, म्हणून मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतले सगळे 110 अंधूक गुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका (एम-1 ते एम-110) एका रात्रीत बघायला, म्हणजेच मेसिए मॅरेथॉन करायला, रणात जायचंय. प्रकाशप्रदूषणाच्या नकाशावर तिथे सगळीकडे काळंच दिसतं, मग त्यातली नेमकी जागा निवडायची कशी?

"सगळीकडे काळंच" हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. पहिल्या खेपेला मीही तोच नकाशा बघून भुजची गाडी पकडली होती. रणात अंधार शोधावा लागत नाही, तो आहेच. शोधावी लागते ती बसायची जागा. गाडी रुतायला नको, डोळ्यात दिवा यायला नको, कुणी येऊन उठवायला नको आणि पहाटे तीनला एखादीला बाथरूमला जायचं असेल तर अर्धा किलोमीटर चालायला नको.

आधी नकाशाबद्दल. आपण बघतो ते रंग बहुतेक उपग्रहाच्या मोजणीतून येतात. त्यातला सुओमी एनपीपी हा उपग्रह 2011 साली अवकाशात गेला आणि तो आपल्या डोक्यावरून मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो. तोवर ढाबेवाल्याने दिवे मालवलेले असतात, तुम्ही मात्र आठ वाजता दुर्बिणीला डोळा लावून बसलेले असता. शिवाय त्याच्या संवेदकाला निळसर प्रकाश जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे पिवळ्या सोडियमच्या जागी पांढरे एलईडी आले की नकाशावर गाव अंधारल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आकाश उजळलेलं असतं. आणि नकाशा नेहमी शिळा असतो. खावड्याच्या उत्तरेला 30 गिगावॅटचा सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्प उभा राहतोय, तिथे दर वर्षी चित्र बदलतं. पवनचक्क्यांवरचे लाल दिवे आकाश फारसं उजळत नाहीत, पण रात्रभर सगळे एका तालात मिचकतात. दोन तासांनी डोकं उठतं.

आता दिशा. मी धोळावीरा ज्यावर आहे त्या खडीर बेटाच्या अंगाने लिहितोय, कारण माझा शोध तिथेच येऊन थांबला. नकाशा उघडून बघा: भुज नैर्ऋत्येला, गांधीधाम आणि भचाऊ दक्षिणेला, रापर आग्नेयेला. म्हणजे कच्छची सगळी वस्ती तुमच्या दक्षिणेला. उत्तरेला कोरं रण, आणि त्यापलीकडे पन्नासेक किलोमीटरवर सीमा. त्या सीमेवर कुंपणाचे प्रखर दिवे आहेत. अवकाशस्थानकातून काढलेल्या फोटोंत ही नारिंगी रेघ स्पष्ट दिसते. तेव्हा "उत्तरेला काहीच नाही" असं समजून आणखी उत्तरेकडे सरकण्यात अर्थ नाही.

शहर किती लांब हवं याचा एक ढोबळ हिशेब 1970च्या दशकात मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञाने मांडला: अंतर दुप्पट केलं की त्या शहरामुळे येणारी आकाशातली उजळी साडेपाच पटींनी घटते. भुजपासून चाळीस किलोमीटर गेलात तर फरक पडतोच, ऐंशी गेलात की भुज म्हणजे क्षितिजालगतचा एक मंद फुगवटा उरतो. त्यापुढे जाऊन फार काही हाती लागत नाही. आणि हो, दक्षिणेच्या ताऱ्यांसाठी कच्छला येत असाल तर नका येऊ. त्रिशंकूतला सर्वांत तेजस्वी तारा खडीरहून जेमतेम तीन अंश वर येतो, पुण्याहून आठ. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा तारकागुच्छसुद्धा पुण्यातून पाच अंश जास्त वर दिसतो. कोकणातल्या एखाद्या सड्यावर पथारी टाका, पेट्रोल वाचेल.

मॅरेथॉनचं गणित वेगळं. तिथे पश्चिम आणि आग्नेय महत्त्वाची. संध्याकाळी एम-77 आणि एम-74 मावळायच्या आत पकडायचे असतात, पहाटे एम-30 आग्नेयेला उगवताना. मार्चमध्ये त्याच वेळी पश्चिमेला राशिचक्रीय प्रकाशाचा (सूर्याभोवतीच्या धुळीवरून येणाऱ्या मंद उजेडाचा) शंकू उभा असतो आणि एम-74 त्यात बुडून जातो. गंमत बघा, शहरातल्या माणसाला हा शंकू दिसतच नाही आणि चांगल्या जागी तोच आडवा येतो! तो दिसला नाही तर जागा सोडा.

दूरच्या शहरापेक्षा जवळचा एक दिवा वाईट, हे मी पहिल्याच रात्री शिकलो. दुपारी एक झकास माळ सापडला होता. चारही बाजू मोकळ्या, पक्की जमीन, रस्ता जवळ. आम्ही चौघं खूश. सव्वासातला चारशे मीटरवरच्या पंपाच्या खोलीवर एलईडीचा दिवा लागला, आपोआप, आणि सकाळपर्यंत जळत राहिला. दुपारी त्या दिव्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. त्या माळावर आकाशमापक (आकाशाचा अंधार मोजणारं यंत्र, आकडा मोठा तितका अंधार जास्त) डोक्यावर धरला तर आकडा साडेएकवीसच्या वर, म्हणजे उत्तम (बावीसच्या आसपास निसर्गातला अंधार, शहरात सतरा-अठरा). पण डोळे काही अंधाराला सरावेनात. मापकाला डोक्यावरचं आकाश दिसतं, तुमच्या डोळ्याच्या कोपऱ्यातला दिवा दिसत नाही. तेव्हा आकड्यावर भाळू नका. अर्धा तास अंधारात बसा, मग त्रिकोण तारकासमूहातली एम-33 दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते का ते बघा, आणि बसल्या जागी पूर्ण एक गिरकी घेऊन डोळ्यात टोचणारा प्रत्येक दिवा वहीत मांडा. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक दिव्यापर्यंत चालत जा. कुणाचा आहे, कधी बंद होतो, एका रात्रीपुरता बंद ठेवतील का, हे विचारा. निम्मे लोक हसत हो म्हणतात.

रस्त्याचंही तसंच. खावड्याहून धोळावीऱ्याला जाणारा पांढऱ्या रणातला रस्ता आता इतका प्रसिद्ध झालाय की रात्रीही गाड्या असतात. सपाटीमुळे समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे कित्येक मिनिटं आधीपासून डोळ्यात येतात. आपल्याला रस्ता आणि आपण यांच्यामध्ये एखादं टेकाड हवं. पाच-सहा मीटर उंचीचं पुरतं.

जमिनीची गोष्ट लाजिरवाणी आहे. रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं, पाणी हटतं तसं वर मीठ जमतं. वरची पपडी सिमेंटसारखी वाटते, खाली चिखल. "थोडं आत जाऊन बघू" हे वाक्य माझंच. गाडी दाराच्या कडेपर्यंत गेली आणि शेजारच्या गावातून आलेला ट्रॅक्टरवाला ती काढताना एक शब्दही बोलला नाही, नुसता बघत होता. खडीरसारखं बेट म्हणजे खडकाळ उंचवटा, तिथे हा प्रश्न नाही. तेव्हा मुक्काम बेटावर, रण बघायला. शिवाय मोठ्या रणाचा बराचसा भाग अभयारण्यात येतो, आत रात्र काढायची तर वनखात्याची परवानगी लागते. छोट्या रणातही रानगाढवांसाठी अभयारण्य आहे, तिथे रात्री शिरण्याचा विचारच सोडा.

परवानगीचं अंग हसण्यावारी नेऊ नका. हा सीमेलगतचा तालुका. आमच्याकडे दहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण होती. अंधारात ती तिरकी उभी केली की लांबून थेट उखळी तोफ दिसते, हे आम्हाला गस्तीवरच्या जवानांनी सांगितलं. त्यांनी शनी बघितला, चहा घेतला आणि "पुढच्या वेळी आधी कळवा" म्हणून गेले. आता आम्ही जायच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात पत्र देतो: नावं, ओळखपत्रांच्या प्रती, गाड्यांचे नंबर, नेमकी जागा. सरपंचांना भेटतो, जमीनमालकाला भेटतो. हिरवा लेसर आणि ड्रोन घरी ठेवतो. खावड्यापुढच्या इंडिया ब्रिजपलीकडे परवानगीशिवाय जायचं नाही, आणि सॅटेलाइट फोन असेल तर विनापरवाना तो बाळगणं गुन्हाच आहे.

जागा वस्तीपासून एक-दीड किलोमीटरच्या आत असावी, याबाबत मी आता आडमुठा झालोय. शुद्ध अंधाराच्या हौसेने लांब जाणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांच्या गटात पुढच्या वर्षी बायका येत नाहीत. एखाद्याच्या शेतावरच्या दोन खोल्या, संडास, पाणी, एवढं ठरलं की बाकी सगळं सोपं. पायात बूट हवेतच. फुरसं रात्री फिरतं आणि ते आपल्या पायाखाली यायची वाट बघत नाही.

एक गोष्ट नकाशा सांगत नाही: दव. वाळवंट म्हणजे कोरडं, असं धरून आम्ही भिंगांवर दव साचू न देणारे हीटर नेले नव्हते. मध्यरात्रीनंतर भिंगं पांढरी झाली. डिसेंबर-जानेवारीत तर धुकंही येतं. त्यात खारी धूळ, ती ओल धरते आणि आरशाच्या मुलाम्याला खाते. घरी आल्यावर आरसा कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी पाण्याने धुवा. एप्रिलमध्ये दव जातं, मग गरम वारा आणि धुळीचा पडदा. म्हणून फेब्रुवारी-मार्च.

वाळवंटाचाच हट्ट नसेल तर पेंच जवळ आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. लडाखचं हानले अप्रतिमच, पण सव्वाचार हजार मीटरवर निम्मा गट डोकं धरून झोपेल.

माझ्या जागेचा नेमका ठिपका इथे टाकत नाही. एका जागेचा टाकला होता, पुढच्या हिवाळ्यात तिथे तंबू आणि रोषणाई. खडीरला जा, विचारत फिरा, सापडेल. फेब्रुवारीच्या अमावास्येला तिघंचौघं आधी जाऊन या. महिनाभरात आकाश दोन तासांनी सरकतं, म्हणजे फेब्रुवारीतल्या रात्री दहाचं आकाश हेच तुमचं मार्चमधलं आठचं. कच्छ पश्चिमेला असल्यामुळे मार्चअखेरीला आठच्या सुमारासच खरा काळोख पडतो, हेही लक्षात ठेवा. पहाटेचा शेवटचा भाग मात्र तेव्हा तपासता येणार नाही, मार्चचे पहाटे पाच म्हणजे फेब्रुवारीचे सकाळचे सात. एम-30 पूर्वेपासून दक्षिणेकडे पंचवीसेक अंशांवर उगवतो. दिवसा होकायंत्र घेऊन त्या रेषेत उभे राहा आणि गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, आड येत नाही ना एवढं बघून ठेवा.