विमा कंपनी ‘सब्रोगेशन लेटर’वर सही मागते, म्हणजे नक्की काय मागते?

ट्रकमध्ये भिजलेल्या मालाचा क्लेम मंजूर झालाय, कंपनीने सब्रोगेशन लेटर पुढे केलंय. हा शब्द काय, आला कुठून आणि सही करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी मालविम्याचे क्लेम बघतो, त्यामुळे हे पत्र रोजचंच.

अर्थ एवढाच: तुमची भरपाई केली की ट्रान्सपोर्टरकडून वसुली करायला कंपनी तुमच्या जागी उभी राहते. तुमचा जो हक्क, तोच तिचा, कणभरही जास्त नाही. म्हणून तर दावाही सहसा तुमच्याच नावाने लागतो.

शब्द लॅटिन. प्राचीन रोममध्ये कॉन्सल, म्हणजे निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी, मुदतीआधी वारला की उरलेल्या काळासाठी दुसरा निवडत, त्या निवडीला ‘सुब्रोगारे’ म्हणत. ‘रोगारे’ म्हणजे विचारणे. अधिकारी सभेपुढे नाव ठेवून लोकांचा कौल विचारायचा. ‘सरोगेट’ हे याच शब्दाचं दुसरं रूप, म्हणजे सरोगसी आणि तुमचं पत्र एकाच घरातले.

या तत्त्वाचे चटकेही बसतात. इंग्लंडमधला 1957 चा लिस्टर खटला बघा. लॉरी मागे घेताना मुलाने बापालाच धडक दिली. दोघे एकाच कंपनीत नोकरीला. बापाची भरपाई विमा कंपनीने भरली आणि मग मालकाच्या नावाने मुलावरच दावा ठोकला. हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, जाऊन जिंकलीसुद्धा! कायद्याने बरोबर असेल, मला काही तो निकाल पटत नाही.

आता सही. निव्वळ सब्रोगेशन असेल तर खुशाल करा; भरपाई दिल्यावर तो हक्क कंपनीला तसाही मिळतो. सागरी विम्यापुरतं तर 1963 च्या कायद्यात, कलम 79 मध्ये, हे लिहिलेलंच आहे. पण मजकुरात ‘असाइनमेंट’, म्हणजे तुमचा हक्कच कंपनीच्या नावे करून देणं, आहे का, ते बघा. सब्रोगेशनमध्ये कंपनी स्वतः दिलेल्या रकमेपुरतीच हक्कदार. असाइनमेंट केलंत तर वसूल होईल ते सगळं तिचं. 2010 मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा फरक फोड करून सांगितलाय.

आणि ट्रान्सपोर्टर थोडेफार पैसे देऊन ‘फुल अँड फायनल’ लिहून मागत असेल, तर कंपनीला विचारल्याशिवाय देऊ नका. तुमचाच हक्क संपला तर कंपनीकडे येणार काय? रस्ते मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत ट्रान्सपोर्टरला नुकसानीची लेखी नोटीस जावी लागते. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टरने दिलेली मालाची पावती, काढून तारीख आजच बघा.