माळरानात 'रान' कुठनं आलं?

"माळावर झाडं नसतात, मग माळरान हा शब्द चूक नाही का?" असं विचारलंय. चूक कशाला असेल? आमच्याकडं शेतालाच रान म्हणतात, 'रानात गेलाय' म्हणजे ज्वारी राखायला गेलाय, वाघ मारायला नाही. शब्द अरण्यवरनं आला, आणि वेदांत गावाबाहेरचं ते अरण्य, झाडं असोत नसोत. झालं.

खरी मजा 'जंगल'मध्ये आहे. टीव्हीवाले उठता बसता 'घनदाट जंगल' म्हणतात तेव्हा माझं डोकं उठतं, कारण संस्कृतातलं जांगल म्हणजे नेमकं उलटं! आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार सुश्रुत, त्यानं देशाचे, म्हणजे मुलखाचे, तीन प्रकार केलेत, आनूप म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा, जांगल म्हणजे उघडा, पाऊस कमी, वारा गरम, तुरळक काटेरी झाडं, आणि मधला तो साधारण. म्हणजे सोलापूरकडचा माळच की हो, बोरी-बाभळी आणि काळवीट! हरणाचं, तित्तिराचं मांस वैद्य 'जांगल' म्हणून पचायला हलकं सांगतात आणि म्हशीचं, डुकराचं आनूप म्हणून जड, तेही यातनंच.

अजून पुरावा पाहिजे? बिकानेरचे राजे स्वतःला 'जंगलधर बादशाह' म्हणवायचे. बिकानेर! वाळूत कुठली आली झाडी? तो मुलूखच जुना जांगळ देश.

मग अर्थ फिरला कसा? माझं मत असं, की न कसलेली पडीक जमीन ती जंगल, आणि पडीक ठेवली की झुडपं माजणारच, मग लोकांना जमीन दिसेनाशी झाली आणि नुसती झुडपं दिसायला लागली. हिंदीत खेड्यातली माणसं 'जंगल जाना' म्हणतात ते परसाकडे जायला, लोटा घेऊन कोणी घनदाट झाडीत शिरत नाही, मोकळं रानच बघतात. यावर मी पैज लावायला तयार आहे.

आणि ते शुद्धीवाले, जे 'जंगल फारसी आहे, वन म्हणा' म्हणून प्रत्येकाला टोकत फिरतात, त्यांनी कृपया सुश्रुत उघडावा. फारसीनंच तो आपल्याकडनं उचललाय, तुम्ही घरचंच पोर शेजाऱ्याचं म्हणून हाकलताय.

हां, माळ राहिला. मेघदूतात ढगाला नुकत्याच नांगरलेल्या, मातीचा वास सुटलेल्या 'माल' क्षेत्रावर चढायला सांगितलंय, मेघदूताचा जुना टीकाकार मल्लिनाथ त्याचा अर्थ उंचवट्याची जमीन असा देतो. आपला माळ तोच, असं मी तरी धरून चालतो.