समज त्याला देण्याआधी तिच्याशी बोला

पत्र : ताई, आमच्या खालच्या घरात एक तरुण जोडपं राहतं. तिला सहावा महिना आहे. रात्री आरडाओरडा, आपटाआपटी ऐकू येते. परवा तिच्या दंडावर वळ दिसले, तर ‘दार लागलं’ म्हणाली. इमारतीतल्या चार जाणत्यांनी ठरवलंय की रविवारी दोघांना समोर बसवून नवऱ्याला समज द्यायची. मला हे कुठेतरी खटकतंय, पण गप्पही बसवत नाही. काय करू?

उत्तर : खटकतंय ते अगदी योग्य कारणाने खटकतंय. रविवारची बैठक आधी थांबवा. चारचौघांत मान खाली घालून ‘पुन्हा नाही होणार’ म्हणायला त्याला काहीच जड जात नाही. मंडळी आपापल्या घरी जातील, दार लागेल, आणि ‘बाहेर कोणाला सांगितलंस?’ याचा जाब तिला एकटीला द्यावा लागेल. शिवाय मारणाऱ्याच्या शेजारी बसवून ‘काय ते खरं सांग’ म्हटल्यावर ती काय सांगणार? दार लागलं, हेच.

‘मूल झालं की निवळेल’ असंही त्या बैठकीत कोणीतरी म्हणणार. त्यावर अजिबात विसंबू नका. जॅकलिन कॅम्पबेल या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने १९८० च्या दशकात बाईच्या जिवाला किती धोका आहे हे जोखणारी एक प्रश्नावली तयार केली. गरोदर असताना मारहाण झाली का आणि कधी गळा दाबला का, हे दोन्ही प्रश्न तीत आहेत. पोटुशी बाईवर उठणारा हात हा जास्त धोक्याचा इशारा आहे.

तेव्हा तो घरात नसताना तिला एकटीला गाठा. फार बोलू नका. ‘आवाज ऐकू येतात गं. तुझी काळजी वाटते. कधीही ये, रात्रीसुद्धा.’ एवढं पुरे. तिने उडवून लावलं तर वाईट वाटून घेऊ नका, चार दिवसांनी पुन्हा सहज विचारपूस करा. ‘सोडून का जात नाहीस?’ हा प्रश्न मात्र नको. घर सोडण्याचा काळच अनेकदा सगळ्यांत धोक्याचा असतो. कधी आणि कसं निघायचं हे तिलाच ठरवू द्या. आणि यातलं काहीही मेसेजवर लिहू नका, तिचा फोन तो बघत असेल.

एक गोष्ट तिच्या कानावर नक्की घाला. पोटावर मार बसला, तर बाहेरून खरचटलेलंसुद्धा नसताना आत वार (बाळाला पोसणारा गर्भाशयातला अवयव) सुटू शकते, आणि रक्तस्राव दिसेलच असं नाही. पोट दुखणं, कडक होणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. खरं तर काहीच जाणवलं नाही तरी दवाखाना गाठायचाच, आणि पोटावर मार लागलाय हे तिथे सांगायचं. तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर वेळेत इंजेक्शन द्यावं लागतं. गळा दाबला असेल तर वळ नसला तरी तपासणी हवी.

तपासणीला तो सोबत जात असेल, तर एखाद्या वेळी तुम्हाला जाता येतं का पाहा. गरोदरपणातल्या तपासणीत हिंसेची शंका यावी असं काही दिसलं, तर डॉक्टर-नर्सनी त्याबद्दल विचारावं, तेही एकांतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना सांगतात. नवरा खुर्चीला खुर्ची लावून बसला की तो प्रश्नच राहून जातो.

आता त्या चार जाणत्यांचं. माणसं वाईट नाहीत, त्यांना काहीतरी करायचंय. मग कामाला लावा, पण तिची परवानगी घेऊन. रात्री-अपरात्री गाडी कोण काढेल? एक रात्र तिला कोणाकडे झोपता येईल? तिच्या फायली आणि कागदपत्रांच्या प्रती कोण ठेवेल? महिला हेल्पलाइनला शेजाऱ्यांनाही फोन करता येतो; तिचं नाव न सांगता तुम्हीच आधी करून बघा. आवाज वाढला तर पोलिसांना बोलवायचं का, हे तिला आत्ताच विचारून ठेवा. जिवावर बेतलंय असं वाटलं, तर मात्र विचारायला थांबू नका आणि एकट्याने दारात जाऊ नका.

तिने विश्वासाने काही सांगितलंच, तर ज्याच्याकडे काम दिलंय त्याला तेवढंच कळू द्या. बाकीच्यांनी विचारलं तर ‘मला काही माहीत नाही’ असं बेधडक सांगा.