केळी, कूलर आणि निळा पंप

दिवाळी उलटून थंडी पडली, की खान्देशात दोन ठिकाणी गर्दी होते: भरिताच्या पार्टीत आणि छातीच्या दवाखान्यात. पहिल्या ठिकाणी पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर असतो, दुसऱ्या ठिकाणी त्या धुराने खोकणारी माणसं. छातीच्या आजारांबद्दल माझ्याकडे वाचकांचे या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच रोखाचे आहेत: 'नवीन संशोधन झालंय म्हणतात, त्यातलं आपल्या कामाचं काय?' त्यातले काही निवडून उत्तरं देतो.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला लहानपणापासून बालदमा. त्रास महिन्यातून दोन-तीनदाच होतो, निळा पंप ओढला की लगेच मोकळा होतो. आता नव्या डॉक्टरांनी निळा बंद करून स्टेरॉइड असलेला पंप दिलाय. एवढ्याशा त्रासाला स्टेरॉइड कशाला? घरची मंडळी म्हणतात, 'एकदाव पंप लागना का मंग सुटत नही.' (एक वडील, अमळनेर)

भाऊ, नव्या डॉक्टरांनी बरोबर केलं. गेल्या दहा वर्षांत दम्याच्या उपचारात जे बदललं, त्यातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे.

निळ्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. श्वासनळीभोवती आवळलेले स्नायू ते सैल करतं, म्हणून पाच मिनिटांत बरं वाटतं. पण दम्याचं मूळ नळीच्या आतल्या सुजेत आहे, आणि सुजेला हे औषध हातही लावत नाही. वरून मोकळं वाटतं, आत आजार वाढत राहतो. शिवाय हे औषध वारंवार घेतलं की शरीर त्याला दाद देईनासं होतं. न्यूझीलंडला याचा फार कडू अनुभव आला. तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दम्याने तरुण मुलं दगावू लागली. शोध घेतला तर बोट याच जातीच्या, पण जास्त जोरदार अशा फेनोटेरॉलच्या पंपाकडे गेलं. १९८९मध्ये त्यावर बंधनं आली आणि मृत्यू उतरले.

दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जिना' या जागतिक गटाने २०१९मध्ये स्पष्ट सांगितलं, की मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. याला आधार मिळाला तो सौम्य दम्यावरच्या 'सिग्मा' चाचण्यांचा, ज्या २०१८मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्रास होईल तेव्हाच ब्युडेसोनाइड (हेच ते स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनळी मोकळी करणारं औषध) एकत्र असलेला पंप घेणाऱ्यांना दम्याचे मोठे झटके नुसता आराम देणारा पंप घेणाऱ्यांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी आले. २०२५मध्ये अमेरिकेतल्या 'बटुरा' चाचणीत साल्ब्युटामॉललाच ब्युडेसोनाइडची जोड दिली, तेव्हाही झटके जवळजवळ निम्म्यावर आले. त्यातली माणसं सौम्य दम्याचीच होती, तुमच्या मुलासारखी.

आता स्टेरॉइडची भीती. या पंपातून एका वेळी साधारण २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड जातं. तुमच्या मुलाला झटका येऊन दवाखान्यात आणलं, तर आम्ही त्याला प्रेडनिसोलोन हे पोटातून घ्यायचं स्टेरॉइड रोज ३०-४० मिलिग्रॅम देऊ, पाच ते सात दिवस. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी आहेत, पण हिशोबाचा अंदाज येईल. पंप ओढल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही.

एक सावधगिरी सांगतो. 'दोन औषधांचा पंप' म्हणून मिळणारा प्रत्येक पंप अशा तातडीच्या वापरासाठी नसतो. फॉर्मोटेरॉल लवकर काम सुरू करतं, साल्मेटेरॉल तसं करत नाही. म्हणून दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून दुसरा दिला तर घेऊ नका. आणि सुटण्याचं म्हणाल, तर पंपाची सवय लागत नाही. दमा असतो तोवर पंप लागतो. चष्म्याला कोणी 'लागला का सुटत नाही' म्हणून नाकारत नाही.

जाता जाता: मुलाला पंप कसा ओढतो ते डॉक्टरांसमोर ओढून दाखवायला सांगा. पंपात घालायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मला अजूनही भेटतात, आणि 'औषधाने काही फरक पडत नाही' ही त्यांची तक्रार अगदी खरी असते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर आहे. औषध देशात बनतं, स्वस्तही आहे, तरी ते रुग्णाच्या छातीपर्यंत पोचत नाही.

आमच्या घरच्या केळीच्या बागा आहेत आणि नातवाला दमा आहे म्हणून घरात केळी बंद! खरंच केळ्याने कफ होतो का? (एक आजी, रावेर)

रावेरात केळी बंद म्हणजे शिक्षाच की, आजी. केळ्याने दमा वाढतो याला पुरावा नाही. उलट, लंडनच्या ग्रीनिच भागात ५ ते १० वर्षांच्या अडीच हजारांहून जास्त मुलांच्या खाण्याची पाहणी झाली होती (२००७). त्यात रोज केळं खाणाऱ्या मुलांच्या छातीत घरघर कमी आढळली. नुसत्या पाहणीवरून केळं हे औषध ठरत नाही, पण ते वैरीही नाही. केळं खाल्ल्यावर ओठ-घसा खाजत असेल तर मात्र ॲलर्जीची शक्यता आहे, तेव्हा दाखवून घ्या. नाहीतर खाऊ द्या.

मी रेल्वेतून निवृत्त झालो, वय ६६. तीन उन्हाळे झाले, कोरडा खोकला येतो आणि जिना चढताना दम लागतो. विडी-सिगारेट कधी ओढली नाही. सीटी स्कॅनमध्ये 'आयएलडी' निघालं. डॉक्टरांनी औषध देण्याआधी विचारलं, 'घरात कूलर आहे का?' भुसावळात कूलर नसलेलं घर दाखवा म्हणावं! (एक वाचक, भुसावळ)

नाना, तुमचं हसू येणं साहजिक आहे. पारा ४५च्या वर जाणाऱ्या गावात कूलर ही चैन नाही. पण तो प्रश्न विचारणारा डॉक्टर चांगला आहे, त्याला सोडू नका.

आयएलडी हे एका आजाराचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांमधली नाजूक भिंत सुजते, पुढे तिथे वण धरून ती कडक होते. पाठीवर स्टेथोस्कोप लावला की वेल्क्रोची पट्टी ओढून काढावी तसा आवाज येतो. या कुळातल्या एका आजारात श्वासातून जाणारी बुरशी, पक्ष्यांची विष्ठा किंवा सडक्या गवताची धूळ कारण ठरते. त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात.

आपल्या देशातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी मिळून १,०८४ आयएलडी रुग्णांची नोंद केली, ती २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. पाश्चात्त्य पुस्तकं वाचून शिकलेल्या आम्हा डॉक्टरांना वाटत होतं, की कारण न सापडणारा फायब्रोसिस, म्हणजे वण, सगळ्यात जास्त निघेल. निघाला न्यूमोनायटिस, ४७ टक्के रुग्णांत. आणि सगळ्यात जास्त आढळलेला संपर्क होता कूलरचा. या आकड्यावर वाद आहे, हेही सांगायला हवं. चंदीगडच्या मोठ्या रुग्णालयातल्या नोंदींत सारकॉइडोसिस हा याच कुळातला दुसरा आजार पहिल्या क्रमांकावर आला. कूलर घरोघरी असल्यामुळे नुसता 'कूलर आहे' म्हणून आजार त्याच्या माथी मारणंही चूक. पण तुमचा खोकला उन्हाळ्यागणिक वाढतोय, हा धागा मी सोडणार नाही.

कूलरचं गवत वर्षानुवर्षं तेच असतं. होळीला कूलर माळ्यावरून काढायचा, पाणी भरायचं, बटण दाबायचं. टाकीच्या तळाला शेवाळ, गवतात बुरशी, आणि पंखा ते सगळं झोपलेल्या माणसाच्या तोंडावर रात्रभर फेकतो. तुमच्यासारख्यांनी 'साफ करून वापरतो' हा मधला मार्ग धरू नये. कूलर त्या खोलीतून बाहेर काढावा. बाकीच्यांनी गवत दर मोसमाला बदलावं, टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी. सज्जात कबुतरं असतील तर तीही घालवा.

औषधांचं चित्र बदलतंय. २०१४पासून पिरफेनिडोन आणि निंटेडनिब ही दोन औषधं वण वाढण्याचा वेग कमी करतात. २०२५मध्ये नेरँडोमिलास्ट हे तिसरं आलं, अमेरिकेत त्याला ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली. तिन्ही औषधं वेग कमी करतात, झालेला वण पुसत नाहीत. म्हणून कारण सापडणं आणि ते घरातून जाणं, याला जी किंमत आहे ती गोळीला नाही.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दोन दिवसांनी बरं वाटतं. मुकादम म्हणतो, सुट्टीत आळस चढला. (एक कामगार, धरणगाव)

आळस नाही दादा. याला बिसिनोसिस म्हणतात. जुन्या कापड गिरण्यांत त्याला 'सोमवारचा ताप' म्हणत, कारण रविवारच्या सुट्टीनंतर तो उठायचा. कापसाला चिकटलेल्या पाल्याच्या, बोंडाच्या कचऱ्यावर जिवाणू वाढतात. त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष रुईच्या धुळीबरोबर छातीत जातं.

याचा सगळ्यात लांबचा मागोवा शांघायमध्ये घेतला गेला. १९८१पासून सूत गिरणीतले आणि रेशीम गिरणीतले प्रत्येकी चारशेच्यावर कामगार निवडून त्यांचा श्वास दशकानुदशकं मोजला. सूत गिरणीवाल्यांचा श्वास जास्त वेगाने घटला. पण काम सुटल्यावर तो काही अंशी सुधारला, आणि मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. विडी ओढणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं.

तुमचं काम हंगामी, घर त्यावर चालतं, म्हणून 'सोडा' असं मी म्हणणार नाही. रुमालाने ही धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लावा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामाआधी आणि कामानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची तपासणी, करून घ्या. दोन्हींतला फरक कागदावर आला की मुकादमाशी वाद घालावा लागत नाही. बिसिनोसिस हा कायद्याच्या यादीतला नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार आहे.

माझी आई ६२ वर्षांची. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, आहे. जन्म चुलीपुढे गेला, विडीला कधी शिवली नाही. व्हॉट्सॲपवर आलं, की सीओपीडी बरं करणारं इंजेक्शन निघालंय. शेत विकावं लागलं तरी चालेल, द्यायचं का? (एक मुलगा, साक्री)

शेत विकू नका.

इंजेक्शन खरं आहे, 'बरं करणारं' हे खोटं. त्याचं नाव डुपिलुमॅब. 'बोरियस' आणि 'नोटस' या दोन चाचण्यांत सीओपीडी बळावण्याचे प्रसंग त्याने ३० आणि ३४ टक्क्यांनी कमी झाले. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेने त्याला सीओपीडीसाठी मान्यता दिली. पण ते रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ३०० किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी, आणि पंपातली नेहमीची तिन्ही औषधं घेऊनही ज्यांचा आजार वारंवार बळावतो त्यांच्यासाठी होतं. दर दोन आठवड्यांनी टोचायचं.

यातली एक अट कोणी मोठ्याने सांगत नाही. या चाचण्यांत घ्यायला माणूस सिगारेट ओढणारा किंवा ओढून सोडलेला असावा लागत होता. तुमच्या आईसारखी, चाळीस वर्षं पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांचा धूर गिळलेली बाई त्यांत बसतच नव्हती. धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी किती मोठा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं. तरी मोठ्या औषध-चाचण्यांच्या दारात आपल्या बायका अजून बाहेरच उभ्या आहेत. मला याचा राग येतो.

मग करायचं काय? रक्ताच्या सीबीसी तपासणीत इओसिनोफिल किती आहेत ते बघा. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेते का ते बघा. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. आणि रोज चालवा. दम लागतो म्हणून बसून राहिलं, की पायांचे स्नायू गळतात आणि मग दम आणखी लागतो. ओठ शीळ घालताना करतो तसे करून हळूहळू श्वास सोडत, ओट्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत, दर आठवड्याला चार पावलं जास्त.

'आता गॅस आहे' असं तुम्ही म्हणाल. पाण्याचा हंडा आणि भाकरी चुलीवरच असतात ना? चार देशांत झालेल्या 'हापिन' या चाचणीत, त्यात आपलं तमिळनाडूही होतं, सुमारे ३,२०० गरोदर बायकांच्या घरांपैकी निम्म्यांना गॅस आणि सिलिंडर फुकट दिले. बाईच्या श्वासात जाणारे सूक्ष्म कण चुलीवाल्या घरांत दर घनमीटर हवेत ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, गॅसवाल्या घरांत २४च्या, पण बाळाचं वजन वाढलं नाही आणि बाळांचा गंभीर न्यूमोनियाही कमी झाला नाही. अनेकांची निराशा झाली. मी त्यातून एवढंच घेतो, की गॅस उशिरा आला तर मागचं भरून निघत नाही. म्हणून आईच्या चुलीपेक्षा सुनेच्या चुलीची मला जास्त काळजी आहे.

आमच्या पाड्यावरच्या एका माणसाचं टीबीचं औषध पूर्ण झालं, थुंकी निगेटिव्ह आली, तरी त्याला धाप लागते. घरात बायको आणि तीन लेकरं, सगळी काडीसारखी. काय करू? (एक आशाताई, धडगाव तालुका)

ताई, टीबी गेला तरी फुप्फुसावर त्याची खूण राहते. श्वासनळ्या फाकून त्यांत कफ साचतो, त्याला ब्रॉन्किएक्टासिस म्हणतात. भारतातल्या २,१९५ अशा रुग्णांच्या नोंदीत तिघांपैकी एकाच्या मागे जुना टीबीच होता. तेव्हा पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू होण्याआधी त्याला एक्स-रे आणि स्पायरोमेट्रीसाठी पाठवा.

घरच्यांसाठी मात्र अलीकडचं सगळ्यात मोलाचं संशोधन झारखंडचं आहे, आणि त्यात नवं औषध एकही नाही. 'रेशन्स' नावाच्या त्या चाचणीत टीबी रुग्णांच्या दहा हजारांहून जास्त घरच्यांपैकी एका गटाला दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या गटात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आलं. तांदूळ आणि डाळ! ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

म्हणून चौघांचीही टीबी तपासणी करून घ्या. ती निगेटिव्ह आली तर प्रतिबंधक गोळ्यांसाठी नाव द्या, आता आठवड्यातून एकदा अशा १२ मात्रांचा कोर्सही आहे. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये त्या माणसाच्या खात्यात उपचाराच्या सगळ्या महिन्यांचे आले का, ते विचारा. घरात तूर, शेंगदाणे, अंडी, मोहाच्या हंगामात मोह, जे असेल ते लेकरांच्या ताटात आधी पडू द्या. आणि उपकेंद्रातला काटा घेऊन जा. चौघांचं वजन दर महिन्याला एकाच दिवशी करा, आणि आकडा घरच्या भिंतीवर कोळशाने लिहा. त्यांना तो रोज दिसला पाहिजे.