डेन्सचं पत्र घेऊन ती परत आली की

अगं,

मेसेज वाचला तुझा. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, कामाला लागून महिना नाही झाला आणि एक बाई काउंटरवर तुझ्यासमोर रडली, रिपोर्ट तर नॉर्मल होता मग रडायचं काय, असं विचारतेस. अगं तिला नॉर्मल दिसलंच नसेल, तिला पत्रात फक्त डेन्स दिसलं, म्हणजे स्तनात चरबी कमी आणि दाट भाग जास्त.

इथे अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक सेंटरला स्तन डेन्स आहेत की नाहीत हे बाईला लेखी कळवावंच लागतं. कनेटिकटमध्ये कायदा २००९ लाच झाला, नॅन्सी कपेलो नावाच्या पेशंटच्या धडपडीमुळे, स्तन डेन्स आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, वर्षानुवर्षं त्यांचे मॅमोग्राम नॉर्मल यायचे आणि २००४ मध्ये कॅन्सर निघाला तो एकदम थर्ड स्टेजचा. त्या चिडल्या, आणि चिडायलाच हवं होतं.

पण मी जास्त पाहिलं ते चिडणं नाही, अपराधीपण. एक आपलीच मराठी काकू, पत्र चौघडी करून पर्समध्ये, मला हळूच विचारते, मी धाकटीला अंगावर कमी पाजलं म्हणून झालं का हे? आणि मी काय केलं, "काही नाही हो, काळजी करू नका" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. का ते मला माहीत नाही, पण माझं ते वाक्य अजून टोचतं.

म्हणून आधी विचार, पत्रातून तुम्हाला काय समजलं? कुणी म्हणेल गाठ आहे, कुणी म्हणेल हाताला तर कडक लागत नाही. मग सांग की हे हाताला कळतच नाही, फक्त फिल्मवर दिसतं, आणि चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायकांचं असंच असतं. तांदूळ निवडताना काळा खडा पटकन दिसतो, पांढरा राहून जातो ना, तसं, डेन्स भाग पांढरा आणि गाठही पांढरीच. कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो, तो लपवू नकोस, लपवलेलं बायकांना बरोबर कळतं.

अल्ट्रासाउंड करू का, एमआरआय करू का, इन्शुरन्स देईल का, यात तू पडू नकोस, ते डॉक्टरांशी बोलायचं. फक्त प्रश्न कागदावर लिहून दे तिला. आणि काही जणी पत्र वाचून नुसत्या खांदे उडवतात, त्यांना उगाच घाबरवायला जाऊ नकोस, पुढची अपॉइंटमेंट तेवढी तिथेच घेऊन ठेव.

ती रडलेली बाई परत आली का गं?

— तुझी मावशी