बॅकरेस्ट घ्या, पण आधी ती टिक काढा

प्रश्न : वय ४१, इचलकरंजीत नोकरी, हातात पगार ७८ हजार. पत्नी घर सांभाळते, दोन मुलं, गृहकर्ज २६ लाख बाकी. मीटिऑर ३५० मोटरसायकल आहे, जानेवारीत कन्याकुमारीला जायचंय. दोन तास चालवली की कंबर धरते (दोन वर्षांपूर्वी मणक्याचा एमआरआय झालाय), म्हणून चालकाच्या पाठीला बॅकरेस्ट लावावा म्हणतो. फिटिंगसह ८,५०० सांगतात. यंदा गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी केला, अपघात विम्यालाही ‘आधीच आहे’ अशी टिक मारली. त्यात ३ हजार वाचले, म्हणजे खिशातून साडेपाचच जातात. पण मार्चमध्ये आयुर्विम्याच्या पॉलिसीचा ९६ हजारांचा हप्ता आहे. मुदत २० वर्षं, विमा १५ लाख, चार हप्ते झाले. एजंट साडूच आहेत, भरल्याच्या दुप्पट मिळतील म्हणाले. बॅकरेस्ट घेऊ का?

उत्तर : घ्या. मीटिऑरवर पाय पुढे टाकून सरळ बसावं लागतं, सगळा भार माकडहाडावर येतो. कमरेच्या खोलगट भागाला टेकू मिळाला तर फरक पडतो. ब्रॅकेट सांगाड्याला बोल्टने घट्ट बसतंय ना ते बघा, आणि वहिनी मागे बसणार असतील तर दुमडणाराच घ्या. डॉक्टरांनाही एकदा विचारा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं.

आता ती टिक. तुमच्याकडे दुसरा अपघात विमा आहे का? पत्रात तरी दिसत नाही. मग ‘आधीच आहे’ हे खोटं लिहून दिलंत. वर्षाला तीन-चारशे रुपयांत मिळणारं १५ लाखांचं संरक्षण सोडलंत, तेही तेराशे किलोमीटर जाण्याआधी! थर्ड पार्टी समोरच्याचं नुकसान भरतो. तुमचा पाय मोडला किंवा गाडी चेपली, तर त्यातून तुम्हाला छदाम मिळत नाही. हे ३ हजार वाचलेले नाहीत, ती जोखीम तुम्ही बायकोमुलांच्या नावावर टाकलीय. अपघात विमा याच आठवड्यात घ्या, गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमाही जोडून घ्या. त्यात बॅकरेस्ट कंपनीला कळवून नोंदवा. न नोंदवलेल्या वस्तूचे पैसे मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

पण खरा घोळ पॉलिसीचा. १५ लाखांत तुमचं गृहकर्जही फिटत नाही. उद्या तुम्ही नसाल तर ११ लाख कर्ज शिल्लक आणि घरात पगार शून्य. याला विमा म्हणायचं?

बरं, गुंतवणूक म्हणून तरी? २० वर्षांत भरणार १९ लाख, दुप्पट म्हणजे ३८. ऐकायला झकास. पैसे मात्र दरवर्षी थोडे थोडे जातात, त्यामुळे ही दुप्पट जेमतेम सव्वासहा टक्के पडते. तेच ९६ हजार पीपीएफमध्ये (पंधरा वर्षं, मग पाचची मुदतवाढ) आजच्या ७.१ टक्क्यांनी ४२ लाखांच्या वर जातात. शिवाय दुप्पट हा शब्द साडूंचा, कंपनीचा नाही. पॉलिसीसोबतच्या तक्त्यात ‘हमी’चा रकाना वेगळा असतो, तो वाचा. माझ्या अंदाजाने बोनस धरून हाती ३० लाखांच्या आसपास येतील, म्हणजे चार टक्के. यापेक्षा बँकेची एफडी बरी. अशा पॉलिसी नात्यागोत्यात खपवल्या जातात, कारण तिथे कोणी कागद मागत नाही.

काय करायचं? आधी एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा), साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजार पडतील. अर्जात मणक्याचा एमआरआय लिहा, रिपोर्ट जोडा. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. लपवलंत तर क्लेमच्या वेळी तीच फाइल वहिनींसमोर उघडली जाईल. टर्म पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका.

ती आली की जुन्या कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा : सरेंडर केली (मोडून पैसे परत घेतले) तर किती, आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेने चालू) तर मुदतीअखेर किती. चार हप्ते झालेत, म्हणजे भरलेल्या ३ लाख ८४ हजारांपैकी साधारण निम्मे परत मिळावेत. निम्मे बुडाले म्हणून आणखी सोळा वर्षं भरत बसणं हा तोट्याचा हट्ट. मी असतो तर ते १ लाख ९० हजार गृहकर्जात घातले असते. पेड-अपचा आकडा फारच चांगला आला तर सरेंडर न करता पेड-अप करा. दोन्ही वाटांनी मार्चचा ९६ हजारांचा हप्ता मात्र वाचतो. त्यातून टर्म निघतो, अपघात विमा निघतो, बॅकरेस्टही निघतो, आणि उरलेले ५५-६० हजार पीपीएफला.

साडूंना वाईट वाटेल, वाटू दे. बरंचसं कमिशन त्यांना मिळून चुकलंय. सरेंडर किंवा पेड-अपचा अर्ज त्यांच्या हाती देऊ नका, स्वतः शाखेत जाऊन द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.